पटिजग्गन : प्राचीन बौद्ध कलेचे सामुदायिक जतन आणि परस्पर-शुश्रूषा

इ.स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांची येथील स्तूपाच्या कठड्यावरील लहान लहान लेखांच्या प्रतिकृती आल्या. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी त्या पाठविल्या होत्या. लेख एक-दोन ओळींचे, विखुरलेले, एकमेकांशी वरवर काहीही संबंध नसलेले. परंतु प्रिन्सेप यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जवळजवळ प्रत्येक लेखाचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होत होता. हे लेख स्तूपासाठी काही तरी अर्पण करणाऱ्यांचे असावेत आणि ती अक्षरे 'दानं' अशी वाचावीत, असा त्यांनी तर्क केला. तो बरोबर ठरला आणि ब्राह्मी लिपीचा उलगडा होण्याचा मार्ग मोकळा झाला. शाळेच्या पुस्तकांत ब्राह्मीच्या वाचनाचा संबंध सम्राट अशोकाच्या शिलालेखांशी जोडला जातो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र सम्राटाची वाणी वाचण्यासाठी लागणारी किल्ली भिक्षुणी, विणकर, लेखनिक, व्यापारी अशा साध्या माणसांच्या नावांत दडलेली होती, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या माणसांनी दिले तरी काय? कोणी कठड्याचा एक आडवा दगड, कोणी एक खांब, कोणी फरशीची एक शिळा. संपूर्ण स्तूप कोणी एकाने दिलेला नाही. अशा शेकडो तुकड्यांतून एक सुसंगत कलाकृती उभी राहिली आणि पुढे हजारांहून अधिक वर्षे ती सांभाळली गेली. ती कोणी निवडली, कोणी मांडली, कोणी राखली, हा प्रश्न कलेच्या इतिहासात बहुधा राजवंशांच्या नावाने सोडविला जातो. 'शुंगकालीन', 'सातवाहनकालीन' असे शब्द वापरले की काम झाले, असे मानले जाते. आम्हांस हा प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहावयाचा आहे. कलेची निवड, मांडणी आणि राखण ही त्या समूहाच्या दृष्टीने स्वतंत्र कलाव्यवहाराची बाब नव्हती. आजाऱ्याची सेवा करणे, वर्षावासातील भिक्षूला चीवर पुरविणे आणि स्तूपाचा दगड राखणे ही एकाच कर्तव्याची अंगे होती. पाली भाषेत यासाठी एक नेमके क्रियापद आहे : 'पटिजग्गति'. 'जागर' या धातूपासून ते आलेले आहे. एखाद्यासाठी जागे राहणे, हा त्याचा मूळ भाव. हेच क्रियापद वृद्ध आईवडिलांच्या सेवेसाठी येते, आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी येते आणि मोडकळीस आलेल्या विहाराच्या डागडुजीसाठीही येते. संग्रहालयाच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत 'क्युरेटर' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशीही काळजी घेणे हाच लॅटिन अर्थ आहे. तिकडे तो अर्थ झिजत गेला. पालीत तो शेवटपर्यंत जिवंत राहिला.

सांचीचे लेख बूलर यांनी प्रथम व्यवस्थित संपादित केले आणि मार्शल, फूशे व ननीगोपाल मजुमदार यांच्या १९४० मधील बृहद् ग्रंथात आठशेहून अधिक लेख एकत्र आले. हे लेख क्रमाने वाचीत जाणे म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची एखादी गर्दी शेजारून जाताना पाहण्यासारखे आहे. उज्जैनीचे लोक मोठ्या संख्येने आहेत. विदिशा, कुरर, नंदिनगर, माहिष्मती येथील आहेत. श्रेष्ठी आहेत, वणिक आहेत, लेखक आहेत, विणकर आहेत, सुतार-गवंडी आहेत. भिक्षूंच्या बरोबरीने भिक्षुणी आहेत. कोणी आपल्या आईचे नाव लावते, कोणी मुलाचे, कोणी आचार्याचे. काही दाने तर एकट्याची नाहीतच. एका लेखात दाता म्हणून संपूर्ण गावच नोंदलेले आहे. काही ठिकाणी 'गोठी' दान देते. गोठी म्हणजे समान उद्देशाने एकत्र आलेली मंडळी, आजच्या भाषेत मंडळ वा समिती. धम्मवड्ढन येथील एका गोठीने स्वतःस बौद्ध गोठी म्हणवून घेतले आहे. दक्षिण तोरणाच्या एका स्तंभावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी 'रूपकम्म' केल्याची प्रसिद्ध नोंद आहे. हस्तिदंतावर चालणारा बारीक हात त्यांनी दगडावर चालविला, आणि नोंद कोणा एका उस्तादाच्या नावे न करता साऱ्या कारागिरांच्या नावे केली.

सांचीच्या ईशान्येस, सतना परिसरात, भरहुत आहे. तेथील कठड्याचे अवशेष आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यांवरील दात्यांत महाराष्ट्राचे लोक सापडतात. करहकट निगमाचे दान तेथे नोंदलेले आहे. करहकट म्हणजे आजचे कऱ्हाड. निगमाचे दान म्हणजे गावच्या पेठेने मिळून दिलेले दान. भोजकट हे विदर्भातले स्थान, आणि तेथील दिगनागा नावाच्या भिक्षुणीचेही दान भरहुतला आहे. विदर्भातील एक स्त्री घर सोडून संघात येते आणि इतक्या दूरच्या स्तूपावर आपला वाटा कोरवून घेते. हिच्यापाशी द्रव्य कोठून आले, भिक्षुणीने द्रव्य बाळगणे विनयात बसते काय, असे प्रश्न पंडितांनी उपस्थित केले आहेत. नातलगांकडून वा उपासिकांकडून गोळा करून तिने ते पोहोचविले असेल, असे मानण्यास कोणतीच आडकाठी नाही. नाव एकीचे असले तरी तिच्यामागे किती जणींच्या मुठी असतील, हे दगड सांगत नाही.

आता मुख्य प्रश्न. शेकडो ठिकाणांहून शेकडो दाने आली, तर कोठे कोणता जातक कोरावयाचा हे ठरविले कोणी? प्रत्येक दात्याने आपल्या आवडीचे चित्र मागितले असते तर कठड्याची खिचडी झाली असती. भरहुतला तसे झालेले नाही. तेथे जातकांची दृश्ये, पूर्वबुद्धांचे बोधिवृक्ष, यक्ष, देवता ही सारी मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. शिवाय अनेक दृश्यांवर त्यांची नावेही कोरलेली आहेत. बघणाऱ्याला अर्थ कळावा म्हणून चित्राशेजारी नावपट्टी लावण्याची ही आपल्याकडील फार जुनी उदाहरणे होत. याचा उलगडा दात्यांच्या यादीतच मिळतो. भरहुतच्या दात्यांत इसिपालित नावाचे एक भदंत आहेत. त्यांना दोन उपाधी आहेत. ते 'भाणक' आहेत आणि 'नवकम्मिक' आहेत. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत ठेवून त्याचे पठण करणारे, नवकम्मिक म्हणजे नव्या बांधकामावर देखरेख करणारे. ज्यांच्या मुखात गाथा होत्या त्यांच्याच हाती दगडांची मांडणी होती. याच यादीत 'पंचनेकायिक' आहेत, 'पेटकी' आहेत, 'सुत्तन्तिक' आहेत. हे सारे त्रिपिटकाच्या निरनिराळ्या अंगांचे जाणकार. त्यांच्या बरोबरीने बुद्धरक्षित नावाचा एक 'रूपकारक', म्हणजे मूर्ती घडविणारा शिल्पीही दाता म्हणून उभा आहे. ज्याने छिन्नी चालविली त्यानेच आपल्या कमाईतील वाटाही दिला. जाणकार, कारागीर आणि दाते हे तीन वेगळे वर्ग येथे एकमेकांत मिसळलेले दिसतात. आजच्या कलादालनांत निवडणारा, घडविणारा आणि पैसा देणारा यांच्यामध्ये जी दारे असतात ती येथे नाहीत.

कान्हेरीच्या चैत्यलेखातही असेच दृश्य आहे. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंचे ते दान. पण लेख त्यांच्या नावावर थांबत नाही. देखरेख करणाऱ्या स्थविरांची नावे येतात, नवकम्मिक भदंत बोधिक येतात, आणि त्यापाठोपाठ दगड फोडणारे, घडविणारे, घासून गुळगुळीत करणारे असे कामगारांचे वर्गही येतात. पाषाण घासणाऱ्याची आठवण ठेवणारे शिलालेख जगात फार नसावेत.

अर्थात निवडीचे नियम सर्वत्र सारखे पाळले गेले असे मात्र नाही. चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात विहाराच्या भिंतींवर स्त्री-पुरुषांची कल्पनाविलासी चित्रे काढण्यास मनाई आहे आणि माळा, वेली, मकरदंत इत्यादी नक्षीस अनुमती आहे. इकडे कार्ल्याच्या चैत्यमुखावर स्त्री-पुरुषांची भव्य युगुले आहेत आणि त्यातील एक एका भिक्षूचेच 'देयधर्म' म्हणून नोंदलेले आहे. आम्हांस यात विनयभंगापेक्षा समूहाचा आत्मविश्वास अधिक दिसतो. धेनुकाकटचे यवन, गंधी, सुतार असे नाना लोक ज्या लेण्यात आपला खांब उभारीत होते तेथे येणाऱ्या उपासकांचे सांसारिक जीवनही दारावर असावे, असे संघाला वाटले असेल. विद्वानांचे यावर मतभेद आहेत व ते राहतील.

कलेची ही राखण आणि माणसाची काळजी यांचे नाते कोणत्या वचनावर उभे आहे, हे पाहण्यासाठी महावग्गाकडे वळले पाहिजे. त्यातील आठवा खंधक म्हणजे चीवरक्खन्धक. अतिसाराने ग्रासलेल्या, स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्षूची कथा याच खंधकात आहे. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले, आणि नंतर भिक्षूंना एकत्र बोलावून विचारले की याची सेवा तुम्ही का केली नाही. तुम्हांला येथे ना आई आहे ना वडील, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार, असा त्या बोधाचा आशय आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांच्या मानवतेविषयीच्या भागात रुग्णांविषयीची त्यांची कळकळ आवर्जून समाविष्ट केली आहे. वर्षावासात विहारांतून होणाऱ्या वाचनामुळे ती आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे.

परंतु या खंधकात त्या कथेच्या आगेमागे काय आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. आरंभीच्या भागात संघाच्या वस्तूंची व्यवस्था सांगितली आहे. दान आलेले वस्त्र घेणारा कोण, ते ठेवणारा कोण, भांडार कोणत्या जागी असावे, आणि 'भण्डागारिक' म्हणून कोणास नेमावे. त्याची पात्रता पाच अंगांची आहे. तो आवडीने वाहवत जाणारा नसावा, द्वेषाने नसावा, मोहाने नसावा, भयाने नसावा, आणि काय राखले आहे व काय राखलेले नाही हे त्याला ठाऊक असावे. नेमणूक संघाच्या संमतीने, विधिपूर्वक व्हावयाची. पुढे आजारी भिक्षूची कथा येते. आणि तिच्यानंतर लगेच मृत भिक्षूच्या मागे राहिलेल्या वस्तूंचा प्रश्न येतो. त्याचे चीवर आणि पात्र, ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना द्यावे. हलक्या वस्तू उपस्थित संघाने वाटून घ्याव्यात. मात्र 'गरुभण्ड', म्हणजे जड, टिकाऊ वस्तू, यांची वाटणी नाही. त्या चारी दिशांच्या संघाच्या, आलेल्यांच्या आणि अद्याप न आलेल्यांच्या. त्या 'अविस्सज्जिय' आहेत, कोणाला देऊन टाकता येत नाहीत, आणि 'अवेभंगिय' आहेत, त्यांचे तुकडे पाडता येत नाहीत.

भांडारी, रुग्णसेवक आणि अजून न आलेल्यांची मालमत्ता हे तीन विषय एकाच खंधकात शेजारी शेजारी येणे हा संकलनाचा योगायोग आहे, असे कोणी म्हणू शकेल. आम्हांस तसे वाटत नाही. घर सोडून आलेल्यांचा हा समूह होता. ज्याला रक्ताचे नाते उरले नाही त्याचा आजार कोणी पाहावा आणि ज्याला वारस नाही त्याची वस्तू कोणी राखावी, हे त्याच्यापुढे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. 'अनागत' हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. अजून जन्मासही न आलेल्या माणसाला वस्तूवर हक्क देणारा हा नियम आहे, आणि सार्वजनिक संग्रह या कल्पनेचा पाया याहून वेगळा असू शकत नाही.

हे नाते चित्रातही उतरले होते. मूलसर्वास्तिवादी विनय चिनी आणि तिबेटी अनुवादांत विस्ताराने टिकून आहे. त्यात अनाथपिंडिक जेतवनाच्या भिंती रंगविण्याची अनुमती मागतो तेव्हा कोठे काय काढावे याची एक यादीच येते. द्वारावर दंडधारी यक्ष, द्वारमंडपात संसारचक्र, भोजनशाळेत अन्न धारण केलेले यक्ष. आणि रुग्णशाळेत काय? तेथे स्वतः तथागत आजाऱ्याची शुश्रूषा करीत आहेत, असे चित्र. ज्या खोलीत अंथरुणाला खिळलेला भिक्षू पडून आहे त्या खोलीच्या भिंतीवर तेच दृश्य त्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला, दोघांनाही, दिसावे अशी ही योजना. एकाला धीर आणि दुसऱ्याला स्मरण. ही यादी कागदावर राहिली नव्हती, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ओवरीच्या भिंतीवर संसारचक्राचे चित्र आजही पाहावयास मिळते, म्हणजे विनयाने सांगितलेल्या प्रकारच्या जागीच. चित्र कोठे लावावे याचा विचार त्या जागेत वावरणाऱ्या माणसाच्या गरजेवरून करणे यालाच आम्ही जतनाचे मर्म समजतो. सौंदर्य त्यातून वगळले गेले नाही. अजिंठा पाहणाऱ्यास हे सांगण्याची गरज नाही.

या साऱ्यासाठी द्रव्य लागे, आणि ते कसे उभे केले जाई याचे लेख तर अधिकच बोलके आहेत. सांचीच्या कठड्यावर गुप्त संवत् १३१, म्हणजे इ.स. ४५०-५१ चा एक लेख आहे. हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने तेथील महाविहारास 'अक्षयनीवी' दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरावयाची ठेव. तिने १२ दीनार दिले, त्यांच्या व्याजातून रोज एका भिक्षूला भोजन द्यावे. ३ दीनार दिले, त्यांच्या व्याजातून रत्नगृहात तीन दिवे लावावेत. आणि १ दीनार दिला, त्यातून चार बुद्धमूर्तींच्या स्थानी एक दिवा लावावा. सगळे मिळून १६ दीनार. राजांच्या दानापुढे रक्कम क्षुल्लक आहे. पण हिशेब पाहा. माणसाच्या जेवणाला बारा, रत्नगृहाच्या दिव्यांना तीन, मूर्तींसमोरच्या दिव्याला एक. मूर्तींसमोरचा दिवा आणि भुकेल्याचा घास तिने एकाच लेखात, एकाच पद्धतीने, कायमचे बांधून ठेवले, आणि कोणाला किती लागते याचे तिचे भानही सुटले नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, याहून जुनी उदाहरणे आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीचे कोरीवकाम नासिककरांपैकी धंभिक गावाचे दान आहे, असे तेथेच लिहिलेले आहे. पर्यटक ती कमान पाहून राजाचे नाव विचारतात. ती एका गावाची वर्गणी आहे. त्याच डोंगरात उषवदाताचा लेख आहे. तो राजा नहपानाचा जामात, तेव्हा हे दान सामान्याचे नव्हे. पण त्याने ३००० कार्षापण ठेवले ते गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. त्यापैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे २४० होतात, आणि त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. गणित चोख बसते. राजजामाताने दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी मागावर बसणाऱ्यांच्या खांद्यावर होती. पुढे इ.स.च्या तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीत, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने याच विहारासाठी कुलरिक, ओदयंत्रिक, तेली अशा श्रेणींकडे ठेव ठेवली. उद्देश एकच, संघातील आजाऱ्यांना औषध मिळावे. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे. जुन्नरलाही अशा श्रेणी आहेत. तेथील धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर तेली, विणकर, कुंभार, बुरूड यांच्या पतपेढ्या औषधाचा आणि वस्त्राचा भार वाहत होत्या, आणि त्यांच्यासारख्याच लोकांच्या वर्गणीने डोंगरात शिल्पे कोरली जात होती.

यावर एक आक्षेप घेतला जातो. हे सारे पुण्याच्या लोभाने झाले, त्याला परस्पर काळजी म्हणणे हा आजच्या मूल्यांचा आरोप आहे, असा तो आक्षेप. पुण्याची भावना नव्हती असे कोण म्हणेल? परंतु सांची-भरहुतच्या बहुसंख्य लेखांत पुण्याचा उल्लेखच नाही. नाव, गाव, व्यवसाय आणि दान, एवढेच. विष्णुदत्तेच्या लेखात फळ सांगितले आहे ते सर्व सत्त्वांच्या हितसुखाचे. शिवाय स्वर्गासाठी दान देणाऱ्यास व्याजाचा दर आणि भिक्षूंची संख्या यांची उठाठेव कशाला? ती उठाठेव तोच करतो ज्याला आपल्यानंतरच्या माणसाची चिंता आहे.

हे टिकावे म्हणून बजावणीही केलेली होती. सांचीच्या तोरणांवर असे लेख आहेत की जो कोणी येथील दगडी काम मोडील, मोडवील वा दुसऱ्या आचार्यकुलाकडे हलवील, त्यास मातृघात, पितृघात, अर्हत्-घात, संघभेद इत्यादी पाच महापातकांचे पाप लागेल. संघभेद आणि शिल्पाची मोडतोड एका पंक्तीत बसविलेली आहेत, हे ध्यानात घ्यावे. तथापि शाप राखण करीत नाहीत. राखण माणसे करतात. माणसे नाहीशी झाली, विहार ओस पडले, आणि मग १८२२ मध्ये कॅप्टन जॉन्सन याने मोठ्या स्तूपाचे पोट फोडले. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी तेथून सारिपुत्त व महामोग्गल्लान यांचे अस्थी-करंडक बाहेर काढले आणि ते इंग्लंडला गेले. भरहुतच्या कठड्याचे बरेचसे दगड आसपासच्या लोकांनी घरांसाठी नेल्याचे १८७३ नंतर कनिंगहॅमला आढळले. अमरावतीची शिल्पे चेन्नई आणि लंडन यांच्यात वाटली गेली. ज्यांना 'अवेभंगिय' म्हटले होते त्यांची अशी वाटणी झाली. सारिपुत्त-मोग्गल्लानांचे अवशेष परत आले आणि १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. पिप्राहवा येथील स्तूपातील रत्ने तर १८९८ पासून एका इंग्रज कुटुंबाकडे होती. २०२५ च्या मे महिन्यात ती हाँगकाँगला लिलावात निघाली, भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती मायदेशी आली. परतावा झाला ही आनंदाची गोष्ट. पण त्यासाठी एका उद्योगसमूहाचे द्रव्य लागले. उपासक-उपासिकांची गोठी त्या व्यवहारात कोठेच नव्हती.

आणि आपल्या वस्त्यांत काय चालले आहे? १९५६ नंतर गावोगावी जे विहार उभे राहिले ते धंभिक गावाच्या कमानीसारखेच वर्गणीतून उभे राहिले. रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांनी त्यासाठी डोक्यावरून विटा वाहिल्या. गेल्या काही दशकांत त्यांतील पुष्कळांच्या जागी नव्या, प्रशस्त इमारती झाल्या, त्याचे स्वागतच आहे. मात्र नवी संगमरवरी वा पितळी मूर्ती आली की जुनी सिमेंटची मूर्ती कोठे जाते? स्थानिक रंगाऱ्याने छायाचित्रावरून काढलेले बाबासाहेबांचे चित्र, दीक्षेच्या काळातील धूसर छायाचित्रे, जलशातील गाण्यांच्या वह्या, वर्गणीच्या हिशेबाची चोपडी, ज्यात कोणी चार आणे आणि कोणी पायलीभर ज्वारी दिल्याची नोंद आहे, या वस्तू माळ्यावर जातात आणि तेथून रद्दीत. सांचीच्या कठड्यावर दगडात कोरलेले जे आहे तेच या चोपडीत शाईने लिहिलेले आहे. त्यातील 'गरुभण्ड' कोणते आणि 'लहुभण्ड' कोणते, हे ठरविणारा भण्डागारिक आपल्या विहार-समित्यांत आम्हांस क्वचितच आढळला. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष असतात. काय राखले आहे आणि काय राखलेले नाही हे जाणणारा नसतो. आणि त्याच विहाराच्या आवारात जिने त्या विटा वाहिल्या ती म्हातारी आजारी असते तेव्हा तिची विचारपूस कोणी करावी, हेही कोणाकडे नेमून दिलेले नसते.

याला अपवाद नाही असे नव्हे. १९५६ च्या धम्मदीक्षा समारंभाच्या आयोजनात अग्रभागी असलेले वामनराव गोडबोले यांनी नागपूरजवळच्या चिचोली येथे शांतिवन उभारले आणि बाबासाहेबांच्या वस्तूंचा संग्रह तेथे केला. त्यात त्यांचे कपडे आहेत, टंकलेखनयंत्र आहे, नित्य वापरातील इतर वस्तू आहेत. सरकारी आदेशावाचून, समाजाच्या बळावर तो संग्रह प्रथम उभा राहिला. कापड हे नाजूक असते, नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळ्यातील दमट हवा त्याला सोसत नाही, म्हणून पुढे तज्ज्ञांकडून शास्त्रीय संवर्धनही करवून घ्यावे लागले. विनयाच्या दृष्टीने पाहू गेल्यास येथे एक रोचक प्रश्न उद्भवतो. वस्त्र हे हलक्या वस्तूंत मोडते, ते वाटून टाकावयाचे. पण बाबासाहेबांचा कोट कोणी वाटून घेऊ शकेल काय? समाजाने कोणताही ठराव न करता त्याला गरुभण्डाच्या वर्गात नेऊन बसविले आहे, चारी दिशांच्या, आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या.

या वस्तू चिचोलीस आल्या त्या नानकचंद रत्तू यांच्याकडून. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत, प्रकृती ढासळत असताना, दिवसाची नोकरी सांभाळून जे त्यांच्यापाशी रात्री बसत, हस्तलिखिते टंकित करीत, त्यांचे हवे-नको पाहत, ते हेच रत्तू. चीवरक्खन्धकाच्या नियमाप्रमाणे मृताचे चीवर आणि पात्र शुश्रूषा करणाऱ्याकडे जाते. येथेही शुश्रूषा करणाऱ्याकडे राहिलेल्या वस्तू त्याने पुढे संघाच्या स्वाधीन केल्या.